नाव फेब्रुवारीत आलं

ऑक्टोबरची नऊ तारीख. आग्नेयेचा वारा
तिसऱ्या दिवशीही दमला नव्हता.
ऑस्लानं फोन केला :
"कोबीच्या वाफ्यात काहीतरी आहे. ओल्या वाळूच्या रंगाचं.
दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात
तसं बोलतं."

फोन मलाच येणार.
बेटाच्या धावपट्टीवरचा आगीचा बंब मी सांभाळतो;
शेटलंडहून आठवड्याला चार विमानं, आग एकदाही नाही,
म्हणून उरलेलं सगळं माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी विमानातून तिघं उतरले.
शेफील्डचा डेस्मंड, डेन्मार्कची टोवे,
आणि ग्विलिम नावाचा वेल्श पोरगा, मुकाच असावा असा.
दगडी कुंपणाला गुडघे टेकून बसले.
मेंढ्या त्यांच्याकडे बघत होत्या, ते कोबीकडे,
कोबी कुणाकडेच नाही.

वटवट्या होता एवढं नक्की.
वटवट मात्र कुंपणाच्या अलीकडे :

चोच लांब आहे.
लांब वाटते. ऊन तिरपं आहे.
शेपूट बघ ना, सारखी झटकतोय.
पायमोज्यासुद्धा झटकतो.
खालच्या चोचीच्या टोकाशी काळं आहे ते काय?
सावली.
डाग.
सावली म्हटलं ना.

करड्यात तपकिरी की तपकिरीत करडा,
यावर ऑस्लाचा चहा दोनदा निवला.

तो तोवर पानाखालची अळी काढत होता.
आठ ग्रॅम. माझ्या खिशातली चिल्लर जास्त भरेल.
कझाकस्तानच्या झुडपांतून निघाला असेल,
ऊबदार दक्षिणेकडे, आणि पोचला इथं,
जिथं झाड म्हणून दाखवायला
शाळेमागं एक वाकडं सिकॅमोर आहे.

"वाट चुकला बिचारा," मी म्हणालो.
तेव्हा ग्विलिम पहिल्यांदा बोलला :
"चुकला नाही. कोन अगदी बरोबर धरलाय.
फक्त आरशातला."

मग त्यानं चिमट्यानं
कोबीच्या पानावरची ताजी शीट उचलली,
नखाएवढी, पांढरी, मधे काळा ठिपका.
कुपीत बुडवायला स्पिरिट नव्हतं.
ऑस्लानं कपाटातली व्होडका दिली.
(व्हिस्की मागितली असती तर
विज्ञान तिथंच थांबलं असतं.)

तेरा तारखेला वारा पडला. आभाळ धुतल्यासारखं.
वाफा रिकामा.
टोवे म्हणाली, रात्रीच गेला असणार, चांदण्यात.
ऑस्लाचं मांजर दारात पसरलं होतं,
दुधाच्या वाटीकडे ढुंकूनही न बघता.
कुणी काही विचारलं नाही.

फेब्रुवारीत ॲबरडीनहून उत्तर आलं.
पोस्टाची पिशवीही मीच वाटतो.
पाकीट तिच्यासमोर फोडून वाचलं :
साइक्सचा वटवट्या. शंकेला जागा नाही.

"हा साइक्स कोण?"
"कुणी कर्नल. दूर दख्खनमध्ये पलटणीत होता.
पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचा."
"यॉर्कशरचा वगैरे असेल."
"असेल, कुठलातरी इकडचाच."
ऑस्लानं चुलीत पीटचं ढेकूळ सरकवलं.
"म्हणजे तोही आरशातलाच," म्हणाली.

मी कागदाची घडी घातली. तिला तो नको होता.
कोबी तिनं नोव्हेंबरातच संपवली,
सूप, मटणात, उरलेली मेंढ्यांना,
पण एक दांडा अजून उभा होता खिडकीबाहेर,
पानं झडलेला, मिठानं पांढरा पडलेला.
"तो काढायचा राहिला," ती म्हणाली,
मी विचारायच्या आधीच.

मग मला निघावं लागलं. विमानाची वेळ.
दोन उतारू, एक फ्रीज,
आग नाही.