बारीक माल

आधी म्हणाले, गॅस असेल.
ओवा चावला, सोडा प्याले,
या कुशीवर, त्या कुशीवर,
शेवटी रात्री दोनला
न्हाणीच्या कट्ट्याला कपाळ टेकून बसले.
कळ एका जागी राहत नाही.
पाठीतून निघते, बरगडीखालून वळते,
जांघेत येऊन थांबते
सावळजच्या फाट्यावर एसटी थांबते तशी,
उतरणारं कुणी नसलं तरी.

मग म्हणाले, कंबर धरली.
दिवसभर बेदाण्यापुढं मांडी घालून बसतीस,
धरणारच.
गावातल्या डॉक्टरनं सुई दिली, पुडीत रंगीत गोळ्या.
तीनदा दिल्या, तीनदा बरी झाले.
सासूनं हळूच विचारलं, दिवस गेलेत काय गं?
सेहेचाळिसाव्या वर्षी, आत्ती?
ती हसली. मीही हसले, कुशीला हात लावून.

आक्काताईनं तेवढं विचारलं,
लघवी कशी होती?
बिनदुधाच्या चहासारखी, मी म्हटलं.
उद्या खाडा टाक, ती म्हणाली, मिरजेला जा.

खाडा टाकला, म्हणून खडा सापडला.

मिरजेत भिंतीवर पाटी:
येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही.
तिच्याखाली बसून लिटरभर पाणी प्याले,
वर अर्धा लिटर.
शालन घोडके, भरली का पिशवी?
सगळ्या बाकड्यानं माझ्याकडं बघितलं.
बाहेर जाऊ नका हं, धरून ठेवा.
ताई, वीस वर्षं तेच करतीया.
शेडवर मागं बाभळी होत्या,
त्या तोडून कोल्ड स्टोरेज बांधलं.
तेव्हापासून सकाळी एक तांब्या,
मग दिवेलागणीपर्यंत कोरडी.

पोटावर गार काहीतरी फासलं.
मगदूम डॉक्टरनी पडदा माझ्याकडं वळवला:
हा बघा.
करड्या धुक्यात एक पांढरा ठिपका,
त्याच्यामागं काळी सावली.
आठ मिलिमीटर.

आठ म्हणजे बारीक माल.
चाळणीतनं खाली पडणारा, ज्याला भाव नाही तो.
काड्या वेचल्या, खडे वेचले,
व्यापाऱ्याच्या दाताखाली एक येऊ दिला नाही,
आणि हा कधी निसटला बोटांतनं?
रडू आलं.
दुखत होतं म्हणून नाही,
त्या वेळी दुखतही नव्हतं.
दिसला म्हणून.

फोटो घरी नेला.
सासूनं उलटा धरून बराच वेळ बघितला,
मग देव्हाऱ्याशेजारी खोचून ठेवला.

चिठ्ठीवर गोळ्या, पंधरा दिवसांनी परत फोटो,
आणि खाली रेघ मारून: रोज तीन लिटर पाणी.
तीन लिटर म्हणजे किती खेपा,
एसटीत बोटांवर मोजत आले.
ते चिठ्ठीत नव्हतं.

सोमवारी भरलेली बाटली
बेदाण्याच्या ढिगाशेजारी ठेवली.
मी प्याले. आक्काताई प्याली.
मग रेहाना, मग सुनंदा,
मग ती नवी पोरगी, जी कधीच काही पीत नाही.
जेवणाच्या सुट्टीआधीच
आम्ही पाचजणी उठलो
आणि ऑफिसकडं चालू लागलो.
तिथल्या संडासाला कुलूप असतं.
किल्ली मुकादमाच्या खिशात.