उदाहरण सातवे

भट्टी तापायला अजून तासभर आहे.
पीठ झाकलंय, ओल्या गोणीखाली हळूहळू फुगतंय,
आणि तेक्ले पिठाच्या फळीवर
वहीपुरती जागा बाहीने पुसून घेते.

एक नळ टाकी सहा तासांत भरतो.
खालचा नळ भरलेली टाकी आठ तासांत रिकामी करतो.
दोन्ही नळ उघडे आहेत.
रिकामी टाकी किती तासांत भरेल?

ती पेन्सिल चावते, मग भराभर लिहिते.
एक छेद सहा, वजा एक छेद आठ.
वरच्यातून वरचा, खालच्यातून खालचा:
शून्य छेद उणे दोन.
"बाबा, ही टाकी भरतच नाही."

मी आठवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही.
झेस्ताफोनीच्या या बोळात सतरा वर्षं
भट्टीत वाकून पाव चिकटवतोय, भुवया जाळून घेतोय.
पण येणारं जास्त, जाणारं कमी,
तर परातीत काहीतरी उरायलाच हवं,
एवढं पिठाला हात लावणाऱ्याला कळतं.
"खोडू नकोस," मी म्हणतो. "असू दे तिथे. खाली लिही."

कालचा शिळा शोती घेतो,
होडीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता.
"किती तुकडे करू?
सहांतही सारखे वाटता यावेत, आठांतही."
ती पाढे म्हणते, ओठ न हलवल्याचं सोंग करत.
सहा त्रिक अठरा. नाही.
सहा चोक चोवीस.
आठ त्रिक
"चोवीस! चोवीस करा."

शिळ्या पावाचे चोवीस तुकडे
सारखे होत नाहीत. ती चालवून घेते.
हा पाव म्हणजे टाकी.
सहा तासांत सगळी, तर एका तासात?
ती चार तुकडे माझ्याकडे सरकवते.
आठ तासांत सगळी जाते, तर एका तासात?
तीन परत ओढते.
माझ्यासमोर एक.

"तासाला एक," ती म्हणते. "म्हणजे चोवीस."
"ताळा कर."
चोवीस तासांत वरून चार टाक्या आल्या,
खालून तीन गेल्या.
ती पेन्सिल खाली ठेवते.
"चार टाक्या पाणी, आणि भरली एकच?"
"एकच."
"मग खालचा नळ बंद का नाही करत कोणी?"

छपराचे पत्रे. बँकेचा हप्ता. गॅस.
तिचा चष्मा, दोनदा.
नातेला बारीत एका म्हातारीला
उचलून बसवते, बसवून भरवते,
चौथं वर्ष आहे हे.
"उदाहरणात तसं दिलेलं नाही," मी म्हणतो.

फोन वाजतो. तिथे तीन तास मागे आहेत,
म्हातारी अजून जागी आहे, म्हणून नातेला कुजबुजते.
तेक्ले वही पडद्यासमोर धरते,
इतकी जवळ की नुसती पांढरी दिसत असणार.
"मागे घे. अजून थोडी. हां.
चोवीस काय? बटाटे?"
तेक्ले जीभ चावते, पुढे लिहिते: तास.
"आणि वर ते शून्य कुणाचं?"
"माझं. बाबांनी खोडू दिलं नाही."
तिकडून थोडा वेळ काहीच येत नाही.
रेंज गेली असेल.

फोन ठेवल्यावर ती तुकडे गोळा करते,
सवयीने मोजते, पुन्हा मोजते.
तेवीस.
माझ्या तोंडाकडे बघते.
मी चावायचं थांबतो.