दहा पेन्स आणि चार आणे

विनिफ्रेड ॲकरॉइडने किल्ली हातात दिली
आणि म्हणाली, गाडी ठणठणीत आहे,
क्लच तेवढा अजून नॉर्मनचा आहे.
मला वाटलं, यॉर्कशरमध्ये असंच बोलत असतील.

पहिल्या चढावर कळलं.
टॉडमॉर्डनमध्ये सपाट जागा म्हणजे कालव्याचा काठ,
बाकी गाव भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखं.
लीव्हर सोडत गेले, सोडत गेले,
काहीच नाही.
बोटं उलगडून टोकाला आली, नखांवर उरली,
तेव्हा कुठे क्लचने धरलं,
असं धरलं की गाडीने उडी मारली
आणि मी बेकरीच्या पाटीला मिठी.
मागचा पोस्टमन सौजन्याने दुसरीकडे बघत राहिला.

माझे हात लहान.
इचलकरंजीचा कासार म्हणायचा, दोन-दोन,
शाळकरी पोरीचं माप, लग्नातसुद्धा.
नॉर्मनचा हात केवढा होता ते
विनिफ्रेडने दाराच्या चौकटीवर पंजा ठेवून दाखवलं,
मग स्वतःच्या पंजापुढे हवेत आणखी दोन इंच.

रविवारी शेडचं कुलूप काढलं.
चहाच्या पत्र्याच्या डब्यात त्याचे पाने, स्प्रिंगा,
आणि तारेत ओवलेलं दहा पेन्सचं एक नाणं,
कड कानशीने घासलेली.
लीव्हरच्या मुळाशी हे अलगद बसेल एवढीच फट, ती म्हणाली.
कमी झाली की क्लच घसरतो,
जास्त झाली की गिअर भांडतात.
तो हे वाक्य लग्नाबद्दलही म्हणायचा.

मी कडं सैल केलं, ॲडजस्टर आत फिरवला,
तारेला ढील दिली.
पतंगाला देतात तशी, एकदम, हौसेने.
क्लच मुठीजवळ आला खरा,
पण न्यूट्रल नाहीसा झाला,
पहिला गिअर पडला तो कपबशा पडल्यासारखा.
माझे वडील मागांवर जॉबर होते,
सुताचा ताण ते कधी डोळ्यांनी बघायचे नाहीत,
अंगठ्याची उलटी बाजू फक्त टेकवायचे.
मी टेकवून पाहिली.
मला तार लागली. ताण नाही.

सरक पुढे, विनिफ्रेड म्हणाली.
एकोणऐंशी वर्षांची बाई,
स्टुलावर चढून मागच्या सीटवर बसली.
एकतीस वर्षं मी इथेच होते,
मला क्लच गुडघ्यांनी कळतो.

इंजिन चालू.
मी लीव्हर सोडते, ती डोळे मिटते.
फार लवकर.
अर्धा आटा.
फार उशिरा, हा पुन्हा तोच.
पाव आटा.
अंहं.
हेअरिंग एड तिने काढून खिशात ठेवलं होतं,
कानांची तिला अडचण होत होती.

आणि मग एकदा,
इंजिनाचा आवाज एक पायरी उतरला,
मागचं चाक किंचित बसलं,
बसता बसता निघावं की नाही असा विचार करणाऱ्या पाहुण्यासारखं,
आणि माझी बोटं अजून अर्धीच उघडलेली,
कुठेही न ताणलेली.
तिचे गुडघे माझ्या कमरेशी घट्ट झाले.
ती काही बोलली नाही.

फट मोजली. दहा पेन्स घालूनही जागा उरत होती.
पर्सच्या अस्तरात अडकलेले चार आणे निघाले,
आता चालत नाहीत, कुठेच,
ते शेजारी सरकवले. बसले.
यात अर्थ शोधू नये.
दुसरं पातळ काही हाताशी नव्हतं, एवढंच.

कडं आवळलं.
विनिफ्रेड अजून मागेच बसलेली.
खिळ्यावरचं हेल्मेट दे, म्हणाली,
ते नाही, लाल, ते माझं.

बेकरीच्या चढावर सिग्नल लाल मिळाला.
पाय जमिनीवर, मागे विनिफ्रेड, तिच्यामागे तोच पोस्टमन.
हिरवा झाला.
मी बोटं सोडायला लागले.