निवासस्थान

डेंग्यू नाही.
मलेरियाची काच दोनदा रंगवली,
तिसऱ्यांदा मीच हट्टानं.
लेप्टो नाही; मार्चात कुठलं लेप्टो,
गटारंसुद्धा कोरडी.
तरी पांढऱ्या पेशी अठराशे
आणि हिरड्यांतून रक्त.

फॉर्मवर चौकोन आहे: निवासस्थान.
त्यात लिहिलंय अँटॉप हिल.
कुठं गेला होतात, कशावर झोपलात,
याला चौकोन नाही.

ते विचारलं डॉक्टर तस्नीमनं,
राउंड संपल्यावर, खुर्ची ओढून.
पुंडलिक धुरींनी डोळे मिटूनच सांगितलं:
"काजीत गेल्लंय, भावाच्या बागेत.
पाचोळ्यात पडान रवलंय दुपारचो.
माकडां? हां, दोन मरान पडलली.
वास येय होतो."

ती जिन्यानं खाली आली,
लिफ्टची वाट न बघता.
माकडताप. परीक्षेपुरतं वाचलेलं पान,
घाटातलं, रानातलं,
सातरस्त्याला कशाला लागतंय.

तीन थरांत बांधली नळी.
थर्मोकोलचा डबा, बर्फ, पुण्याचा पत्ता.
ड्रायव्हर मस्तान म्हणाला, ह्यात काय?
प्रश्न आहे, म्हटलं. सांडू नका.

धुरींच्या मजल्यावर तोवर
कुणीतरी फिनेल ओतलेलं.
दुधाची पिशवी खालच्याच पायरीवर.
आम्ही दारोदार सांगितलं:
माणसाकडून माणसाला जात नाही हो,
गोचीड चावते, तिळाएवढी.
सगळ्यांनी मान हलवली
आणि कडी लावून घेतली.

शेवंताबाईंनी माळ्यावरचं पोतं उतरवलं.
काजूबिया, अजून न भाजलेल्या.
शिवणीत चिमट्याला लागली ती,
पाय हलवत होती.
पाचशे किलोमीटर आली होती,
कुणाला न विचारता.

गावच्या आरोग्य केंद्राला फोन लावला:
बाग कुठली, माकडं कुठं पडली,
आणखी कोण कोण जातं काजूला.
पलीकडची पोरगी लिहून घेत म्हणाली,
"अंगाक लावचा तेल आसा ओ आमच्याकडे.
लोक लावणत नाय. वास येता म्हणतत."

चौथ्या दिवशी पुण्याहून उत्तर: पॉझिटिव्ह.
धुरींचा ताप तेव्हा उतरलेला,
घरी सोडा म्हणत होते.
हा उतरतो आणि परत येतो;
तस्नीमनं कागदावर सही केली नाही.

नवे फॉर्म छापून येतील तेव्हा येतील.
मी पेनानंच एक चौकोन काढते
निवासस्थानाच्या खाली, वाकडातिकडा.
आज सकाळी एकीनं त्यात लिहिलंय:
कुठंच नाही.
ताप, तिसरा दिवस.