बोद्दुल रेकॉर्डिंग, सन शहाऐंशी

रास्ता पेठेत, पॉवर हाउसच्या चौकाअलीकडे,
दोन डेक, एक पंखा आणि मी.
पगार दीडशे, शिवाय दोन वेळचा चहा.
गिऱ्हाइकं चिठ्ठीवर गाणी लिहून आणायची,
आम्ही ती साठ मिनिटांत बसवून द्यायचो.
कार्डावर नावं लिहायचं काम माझं.
इंग्रजी सातवीपर्यंतचं,
पण ‘लव्ह’ कधी चुकलं नाही.

नरसय्या बोद्दुल एक लाल वही ठेवायचे.
कुठल्या गाण्याला किती मागणी:
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
त्यांचे वडील मागावरच्या साड्या मोजायचे तशी.
“रेडिओवाले सांगतात ते त्यांच्या गावचं.
पेठेत काय चालतं ते वही सांगेल.”
आणि एकतीस डिसेंबरला दुकानाच्या काचेवर
पांढऱ्या रंगात, वरून खाली, दहा गाणी.
लोक सायकल थांबवून वाचायचे,
दहावीचा निकाल लागल्यासारखे भांडायचे.

त्या जूनमध्ये खडकीच्या कारखान्यातला एक फिटर आला.
लोणकर. नखांत ग्रीस.
चिठ्ठी नव्हती. काउंटरवर दोन्ही हात टेकून
त्याने गाणं गुणगुणून दाखवलं, इतकं बेसूर
की मला तिसऱ्या खेपेला कळलं:
ते परदेशी बाईचं, मधे शिट्टी असलेलं.
“तेवढंच भरा. दोन्ही बाजू.”
“एकच गाणं?”
“पोरीला बटण दाबता येत नाही.
आम्ही दोघं कामावर. रिवाइंड कोण करणार?”

गाणं चार मिनिटांचं. एका बाजूला सात,
आणि आठवं अर्ध्यावर,
शिट्टी तोंडाशी आलेली असतानाच
खट्.

त्या रात्री वहीवरून आमचं वाजलं.
मी म्हणालो, गिऱ्हाईक एक, रेघ एक.
बोद्दुल म्हणाले, वाजणार किती वेळा? तितक्या.
“आणि ती अर्धी?”
“दोन बाजूंच्या दोन अर्ध्या. एक पुरी.”
जीभ दातात धरून त्यांनी पंधरा रेघा मारल्या.

टेप गुंतायची. लोणकर ऑगस्टमध्ये आला,
दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पुन्हा.
बोनस झाला होता, पेढा दिला.

वर्षअखेर पंचेचाळीस.
ज्या सिनेमाच्या गाण्यावर गणपतीत अख्खी पेठ नाचली
ते एकेचाळीस, दोन नंबर.
काचेपुढे ही गर्दी. हे कुठलं बुवा?
पण ऐकलं नाही असं कुणी म्हणेना.
जानेवारीत रोज दहा जण: “ते शिट्टीवालं द्या.”
फेब्रुवारीत बँडवाल्यांनी क्लॅरिनेटवर बसवलं,
मे महिन्यात नाना पेठेतल्या वराती
त्याच्यावर थांबत थांबत चालल्या.
सत्त्याऐंशीला ते खरोखर एक नंबर,
वहीची उलटतपासणी करा हवी तर.

लोणकर मात्र परत आला नाही.
खडकी काही लांब नव्हती. आम्ही गेलो नाही.
एक कॅसेट भरून ठेवली होती, कार्ड कोरं.
दुकान विकलं तेव्हा ती माझ्याकडे आली.

आता डिसेंबरात फोनच सांगतो
यंदा जगाने काय ऐकलं. आकडे अब्जांत.
मी पुतणीला विचारतो, ह्यात
एकच माणूस किती वेळा मोजलाय?
ती म्हणते, काका, ते तसं नसतं.
नसेल.

मला ते गाणं अख्खं येतं,
वरातींनी पाठ करून घेतलंय.
तरी भांडी घासताना ओठांवर आलं
की शिट्टीसाठी ओठ गोळा होतात
आणि मी तसाच थांबतो, नळ चालू.
खडकीतल्या एका खोलीत दुपारचे दोन वाजलेले असतात
आणि बाजू बदलायला
अजून कोणी घरी आलेलं नसतं.