स्वच्छ रेघ

शिवाजीनगरच्या ऑफिसात रात्रपाळीला मी एकटी
आणि पडद्यावरच्या बारा रेघा.
पुण्याची रेघ कधी झोपत नाही.
मालगाडी, मेट्रोचं खोदकाम,
गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात ढोलांचा सराव,
सगळं येऊन तिच्या अंगावर चढतं.
आम्ही त्याला गोंगाट म्हणतो. नियमावलीतही तोच शब्द आहे.

खारेबंदरची रेघ वेगळी.
तिथे फक्त समुद्र,
रवंथ करून झोपलेल्या म्हशीच्या पोटासारखा वर-खाली.

यंत्र बसवायला मीच गेले होते, नऊ वर्षांपूर्वी.
एसटी, मग तर, मग खोकं डोक्यावर घेऊन पुळणीतून.
जागा मिळाली शाळेच्या मागच्या खोलीत
खिचडीच्या पोत्यांना लागून.
तांदूळ निवडत बसलेल्या रुकय्या सोलकरकडे चावी दिली.
"ह्या काय ऐकता?"
"जमीन."
"मग आमचाबी ऐकंल. आमी काय जमनीवर नाय?"

त्यानंतर रोज साडेदहाला
त्या रेघेवर दाट केस उगवायचे: प्रार्थना.
एकच्या सुमाराला पुन्हा: खिचडीची रांग.
शनिवारी कवायत, त्यात एक पाय नेहमी उशिरा पडणारा.
मी वर पत्र लिहिलं, जागा बदलून द्यावी.
उत्तर आलं नाही.
मग पत्राची गरजच उरली नाही.
पटसंख्या सात. शाळा बंद. पोरं खाडीपलीकडे समायोजित.
त्या महिन्याच्या अहवालात लिहिलंय,
"स्थानकाच्या नोंदींचा दर्जा सुधारला."
अक्षर माझंच.

काल रात्री दोन एकेचाळीस.
तीन पूर्णांक एक. केंद्र समुद्रात, किनाऱ्यापासून थोडं आत.
जमिनीला ठसका लागावा, एवढंच.
अकरा सेकंदांत रेघ पुन्हा समुद्राची झाली.
मी रकाने भरले. नुकसान या रकान्याशी थांबले,
रुकय्याचा फोन लागेना.

दोन त्रेचाळीसला रेघेवर एक केस.
मग दोन. मग दाट.
आधी वाटलं, मागून येणारा धक्का.
पण धक्का असा येत नाही.
तो मध्येच थबकत नाही,
मागे फिरून कुणाला तरी सोबत घेऊन येत नाही.
पावलं होती ती.
अख्खी वाडी शाळेच्या पटांगणात,
कारण माथ्यावर कौल नसलेली तेवढीच एक जागा.
जड पावलं. एक काठी, तीन-तीनच्या ठेक्यात.
आणि साडेतीनच्या सुमाराला उड्या!
पोरांचं काय, त्यांना रात्रीचं मैदान मिळालं होतं.
मी खुर्ची पुढे ओढली
आणि इतक्या वर्षांनी हजेरी घ्यावी तशी बघत बसले.
उशिरा पडणारा पाय काही सापडला नाही.
तो आता मोठा झाला असेल. किंवा मुंबईला.

चारनंतर फोन लागला.
"हंडे पडले. मांजर अजून माळ्यावरून खाली येत नाय. बाकी खुशाल.
आनि तुझा यंत्र पन बरा हाय.
भ्याला आसंल म्हनून मी जरा हात ठेवून बसलू."

मी मागे जाऊन पाहिलं.
दोन अठ्ठावन्नला रेघ हलकेच एका अंगावर कलली होती,
पाच मिनिटं तशीच.
शेजारी मी शेरा मारला होता: यंत्रातला दोष.

नियमाप्रमाणे गोंगाट गाळला.
धक्का तेवढा वर पाठवला, स्वच्छ.
नुकसान: निरंक.
शेरा मात्र खोडायचा राहिला, की खोडवेना, ठाऊक नाही.

सहाला शिंगवेकर आला, डबा ठेवला, म्हणाला, काही विशेष?
नाही म्हटलं.
बाहेर फाटकापाशी, वॉचमन बघत असताना,
एक पाय उचलला आणि फुटपाथवर जोरात आपटला.
शिंगवेकर पुसेलच तो,
नऊच्या आत.