हवा

जालन्यात, सळयांच्या गोदामामागं,
ट्रेनिंगचा चौथा दिवस.
रज्जाकमामू टायरवर टॉमी हाणतो, कान देतो.
"आतल्या जोडीत हवा कमीय. ऐका."
आम्हाला सगळे टायर सारखेच वाजायलेत.

दुपारी सिस्टर आली, घोंगडेबाई,
पट्टा, सुया, डोळ्यांचा तक्ता घेऊन.
"आधी उस्ताद."
मामूनं बाही सारली.
खिडकीकडचा हात डाव्याहून दोन पिढ्या काळा.
पारा चढला, उतरला.
तिनं पट्टा पुन्हा फुगवला,
पुन्हा कान दिला.
"मशीन बिघडलंय तुमचं," मामू म्हणाला.
कुणीच हसलं नाही.

संध्याकाळी रिव्हर्सच्या वेळी
तो केबिनमधून उतरला.
"घे तूच मागं."

आरशात दिसायलाय मला:
लिंबाखाली मामू,
चिठ्ठी हातभर लांब धरून
अक्षर लावायलेला.
मी ब्रेकवरच.